उजवी पाकळी

वैशाखातली दुपार आमच्या घरावर उतरली, की सारे आवाज एकेक करून निजत. आधी घरापुढच्या खळ्यातल्या कोंबड्या गप्प होत, मग माडांच्या झावळ्या, मग ओहोटीबरोबर दूर गेलेला समुद्रसुद्धा. आणि त्या निःशब्द, पांढऱ्या उजेडात मागे उरे ती पडवीच्या कोपऱ्यातली एक बारीक, कोरडी सळसळ. माझा भाऊ विनू तिथे पत्ते पिसत बसलेला असे. पत्त्यांचा कॅट दोन भागांत मोडायचा, दोन्ही भागांची टोकं अंगठ्यांखाली वाकवायची आणि हळूहळू एकमेकांत सोडायची; पत्ता पत्त्यात शिरताना होणारा तो सरसर आवाज ऐकत माझा डोळा लागे, आणि तो मध्येच थांबला तर मला जाग येई. विनूला जाऊन आता काही पावसाळे झाले. दुपारी मला झोप येत नाही.

त्याचा चेहरा मला प्रयत्नाने आठवावा लागतो, हात आठवावे लागत नाहीत. लांब, सावळी बोटं, नखं नेहमी मुळापर्यंत कापलेली, तळव्याला चंदनाचा वास. आमचं घराणं गावच्या रवळनाथाचं पुजारी. वर्षातले ठरावीक महिने पूजेची पाळी आमच्याकडे येई आणि उरलेले महिने ती चुलत्यांच्या घरी जाई. पाळीच्या दिवसांत विनू पहाटे उठून फुलं वेची, चंदन उगाळी, देवाच्या काळ्या पाषाणाला न्हाऊ घाली. आणि त्या साऱ्या ओल्या, मऊ कामांनी त्याच्या बोटांना असं काही मार्दव आलं होतं, की त्याने ताट उचललं तरी ते आपणहून वर आल्यासारखं वाटे. मी त्याची थोरली बहीण. जवळच्या हायस्कुलात मी मराठी शिकवत आले, मुलांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात माझा जन्म गेला, आणि घरीदारी सुधारण्याची ती खोड काही केल्या सुटली नाही. लग्नाचं आम्हा दोघांचंही राहूनच गेलं. आईवडिलांमागे त्या घरात तो होता, मी होते आणि तो पत्त्यांचा कॅट होता.

हे वेड त्याला मोबाइलवरून लागलं. कुठल्याशा परदेशी माणसाचे नुसते हात दिसत, खाली हिरवं कापड, आणि त्या हातांतून पत्ते नाहीसे होत. विनू ते सारं आवाज बंद करून बघे. मी एकदा त्याला टोकलं, की अरे, तो समजावून सांगतो आहे ते ऐक तरी, तर नजर न हलवता म्हणाला, "तो काय बोलता तां ऐकाक लागलंय, तर हात कोण बघतलो, ताय?" एकेक हालचाल तो महिनोन् महिने घोटत राही. वरचा एक पत्ता उचलल्याचं दाखवायचं आणि प्रत्यक्षात दोन पत्ते एकाला एक चिकटलेले उचलायचे. पत्ता कॅटवर परत ठेवल्याचा भास करायचा आणि तो तळव्याच्या पोकळीत राहू द्यायचा. पत्त्यांचा पंखा उलगडून समोरच्याला हवा तो निवडायला सांगायचं, आणि त्याच्या बोटांखाली नेमका आपल्याला हवा तोच पत्ता त्याच क्षणी सरकवायचा. ही शेवटची करामत त्याची सर्वांत लाडकी. आपण निवडलं या समजुतीने माणसाच्या चेहऱ्यावर जो निर्मळ आनंद उमटतो, त्याकडे तो टक लावून बघत राही. मला त्याचा संताप येई, कारण बहुतेक वेळा तो चेहरा माझाच असे.

आमच्या हवेत पत्ते टिकत नाहीत. समुद्राचा खारा ओलावा भिंतीत शिरतो, मिठात शिरतो, तो कागदात का शिरू नये? आषाढ-श्रावणात पत्ते फुगत, एकमेकांना चिकटत, बोटांवरून घसरायला नकार देत. मग तो कॅट तांदळाच्या डब्यात दडवून ठेवी, आणि पाऊस उघडून कोवळं ऊन आलं, की खळ्यात सूप मांडून पत्ते वाळत घाली. आमसुलांच्या शेजारी बदामाची राणी ऊन खात पडलेली मी कितीदा पाहिली आहे. कावळा हाकलायला मला बसवून तो देवळात जाई, आणि मी, गावातल्या निम्म्या लोकांची बाई, राजा-राणी-गुलामांची राखण करीत बसे.

आधी तो आरशासमोर सराव करी. मग आरसा सोडला. म्हणाला, आरशात बघणारा हात आरशालाच फसवायला शिकतो. पुढे तो बोलता बोलता सराव करू लागला, जेवता जेवता डाव्या हाताने करू लागला, माझ्याशी भांडतानासुद्धा करू लागला. एकदा मी वैतागून विचारलं, की अरे, जे येतं ते पुन्हा पुन्हा कशाला करतोस? त्या दिवशी त्याने मला त्याच्या विद्येचं मर्म सांगितलं. "येता म्हणून नाय करीत गो. हाताक कळाक नको म्हणून करतंय. हाताक कळला की हात थरथरता, आणि हात थरथरलो की समोरच्याक कळता." आपण काय करतो आहोत हे खुद्द हातालाच कळू नये, इतकं त्या हाताला शिकवायचं. मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. वर्गात लिहिण्याचा सराव कसा करावा हे सांगताना मी ते मुलांनाही ऐकवलं.

रोज फसून फसून मीही थोडी शहाणी झाले. त्याच्या हातांकडे बघून काही हाती लागत नाही हे कळल्यावर मी त्याच्या डोळ्यांकडे बघू लागले. ऐन चोरीच्या क्षणी तो हातांकडे कधीच बघत नसे. तो मान वळवून दुसरीकडे बघे, खिडकीकडे, मांजराकडे, माझ्या कपाळाकडे, आणि समोरच्याची नजर मुकाट्याने त्याच्या नजरेमागून जाई. ती नजर वळली, की त्या क्षणी मी हट्टाने त्याच्या अंगठ्याकडे बघायचं ठरवलं. तेव्हापासून तो मला क्वचितच फसवू शकला. "ताय, तुज्यासारख्या बायका असल्यार माजो धंदो बुडालो," असं तो म्हणे, आणि मला स्वतःचं कौतुक वाटे.

गावाने त्याचं हे वेड हसण्यावारी नेलं होतं. चतुर्थीत घरोघर पत्त्यांचे डाव रंगत, तिथे त्याला चहा मिळे, करंज्या मिळत, खेळायला मात्र कुणी घेत नसे. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवर तो संध्याकाळी पाहुण्यांना खेळ करून दाखवू लागला. समुद्रात बुड्या मारून डोळे लाल करून आलेली ती पुण्या-मुंबईची माणसं त्याच्या बोटांतून एक्का उमलताना पाहून लहान मुलांसारखी ओरडत. सकाळी देवाच्या अंगावर चंदन चढवणारे आणि संध्याकाळी इस्पिकचा गुलाम गायब करणारे हात एकच आहेत, यात कुणालाच वावगं वाटलं नाही. मलाही नाही. देऊळ वेगळं आणि पत्ते वेगळे, असं आम्ही सारेच धरून चाललो होतो.

आमच्याकडे घरातलं कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली तगरीची एकेक पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. यालाच कौल म्हणतात. विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला शोधावी, हे सारं त्या दोन पाकळ्या ठरवतात. आणि पाकळी पडेपर्यंत देवळात जी शांतता पसरते, तशी शांतता मी दुसरीकडे कुठे अनुभवलेली नाही. माणसं तेव्हा श्वाससुद्धा जपून घेतात, वाऱ्याने पाकळी हलू नये म्हणून.

एका वर्षी मासेमारीचा हंगाम नुकता उघडला होता. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, समुद्र वरवर निवळल्यासारखा दिसत होता, आणि एका अवेळी आलेल्या वादळात आमच्या गावची एक होडी परत आली नाही. होडीवरच्या इतरांचे देह देवगडच्या बाजूला किनाऱ्याला लागले. बाबलीचा लागला नाही. बाबलीची बायको शेवंती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. वादळानंतर ती रोज वाळूत जाऊन बसे. लाटेकडे बघत नसे, वाळूकडे बघत असे, बोटाने ती सारखी करीत असे आणि पुन्हा मोडीत असे.

देह मिळाला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे गेलेल्याला गती मिळते आणि राहिलेल्यांना दिवस मोजता येतात. शेवंतीच्या सासरच्यांनी तसं ठरवलं. बांद्याहून तिचा भाऊ आला होता, भला माणूस. तो म्हणाला, पोरीचं वय लहान आहे, क्रियाकर्म झालं की मी तिला घेऊन जातो, पुढेमागे तिचं दुसरं बघतो. सासऱ्यांनी मान हलवली. सगळेच शहाणे होते, कुणाचीच आडकाठी नव्हती. शेवंती तेवढी म्हणाली, की आधी देवाला विचारा, तो जिवंत आहे का. देवाने नाही म्हटलं, तर मी बांगड्या फोडते.

पाळी आमची होती. दिवस श्रावणअखेरचा, पाऊस थांबून पुन्हा भरून आलेला. सभामंडपात उजेड असा होता, की माणसांचे चेहरे पाण्याखालून दिसावेत. विनूने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या लेकरान तुज्यासमोर पदर पसरल्यान हा. तेचो घोव जिवंत आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." त्याने तबकातल्या पाण्यात एक पाकळी बुडवून देवाच्या डाव्या खांद्यावर ठेवली. दुसरी बुडवली, उजव्या खांद्यापाशी नेली, आणि तिथे त्याने मान वळवून समईकडे पाहिलं. सभामंडपातल्या साऱ्या नजरा समईकडे गेल्या. माझी गेली नाही. सवयीने ती त्याच्या अंगठ्यावर गेली. अंगठा पाकळीखालून अलगद फिरला, तिथलं पाणी टिपून घेतलं आणि तळव्यात मिटला. कोरडी पाकळी दगडाला किती वेळ धरून राहणार? सगळ्यांची नजर परत येते न येते तोच ती खाली आली.

शेवंती रडली नाही. तिने ती पाकळी उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि देवाला नमस्कार केला. तिच्या सासूने हंबरडा फोडला, तो आनंदाचा. बांद्याचा भाऊ गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिला.

मी मात्र संतापून घरी आले. विनू अंगणात पाय धूत होता. मी त्याला काय काय बोलले ते सारं इथे लिहिण्यासारखं नाही. देवाच्या अंगावर हात चालवलास, म्हटलं, तुला लाज वाटली नाही? त्याने पायांवर आणखी एक तांब्या पाणी घातलं. मग म्हणाला, "तिचा तोंड बघवना नाय, ताय. आज नको मरांदे तो. फुडल्या वर्सा बघू."

"फुडल्या वर्सा काय करतलंस?" मी विचारलं. "पाकळी डावी पाडतलंस? म्हणजे मगे तू मारतलंस तेका?"

त्याला हे सुचलंच नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. पत्त्यांच्या खेळात असं नसतं. तिथे निवडलेला पत्ता शेवटी सगळ्यांना दाखवायचा असतो, टाळ्या पडतात, कॅट पुन्हा पिसला जातो आणि कुणाचं काही बिघडलेलं नसतं. माझ्या भावाने आयुष्यभर तोच एक खेळ घोटला होता आणि तो एवढंच शिकला होता, की समोरच्याला हवं ते त्याच्या हाती पडलं की तो हसतो. त्या दिवशी त्याने जे केलं ती दया होती, की आपल्या हातांना काय काय येतं हे अजमावण्याची हौस होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही होतं. मी त्याची बहीण असल्यामुळे दयेकडे जरा जास्त झुकते.

पुढच्या वर्षी शेवंती आली. त्याच्या पुढच्याही वर्षी आली. दर श्रावणात पाळीच्या दिवसांत ती देवळाची पायरी चढे, तोच प्रश्न विचारी, आणि विनू समईकडे बघे. डावी पाकळी पाडायला त्याचा हात धजत नसे आणि काही न करता पाकळी सोडून द्यायला त्याचं मन धजत नसे. त्याला तिच्या तोंडावरचा तो एक क्षण पुरत असे. तिला तो वर्षभर पुरवावा लागे. बांद्याचा भाऊ दोनदा न्यायला आला, तिसऱ्यांदा आला नाही. वादळात गेलेल्या इतरांच्या बायका रडल्या, आजारी पडल्या, उठल्या. कुणी बर्फाच्या कारखान्यात कामाला लागली, कुणी माहेरी गेली, एकीने पुन्हा लग्न केलं. शेवंती होती तिथेच राहिली, गळ्यात काळे मणी, हातांत हिरव्या बांगड्या. गावात हळदीकुंकू असलं, की बायका तिच्यापाशी येऊन अडखळत. हिला सवाष्ण म्हणावं, तर नवरा कुणी पाहिलेला नाही. न म्हणावं, तर देवाने सांगितलेलं. मग कुंकवाचा करंडा तिच्यासमोर नुसता ठेवला जाई, लावत कुणी नसे. ती आपल्याच बोटाने कुंकू घेऊन आपल्या कपाळाला लावी, आणि करंडा पुढे सरकवी. मी ते पाहत असे आणि घरी येऊन विनूला ऐकवत असे. त्या दिवशी तो जेवत नसे, पण माझी जीभ थांबत नसे.

अखेर एका वर्षी तो मला म्हणाला, "ताय, औंदा मी कायएक करूचंय नाय. देवाक काय सांगूचा तां तो सांगांदे." त्या दिवशी त्याने आंघोळ करून उपास धरला. पाकळ्या त्याने मुद्दाम भरपूर भिजवल्या, दोन्ही सारख्या. समईकडे पाहिलं नाही. खाली बघत राहिला. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते, आणि मला काही दिसलं नाही. पाकळी पडली ती उजवीच. शेवंतीने ती पदरात बांधली.

कुणालाही वाटावं, की देवाने सोडवणूक केली. विनू घरी आला तो तापातून उठल्यासारखा. पडवीत बसला, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू ते कुणीतरी तिथे विसरून गेलं होतं. "देवान सांगल्यान काय माज्या हातान, माका कळना नाय," तो म्हणाला. मी म्हटलं, की मी पाहिलं, तू काही केलं नाहीस. तो म्हणाला, की तुला दिसलं नाही म्हणजे केलं नाही असं नव्हे. मलाही कळू नये असाच तो हात मी घडवलेला आहे. ते मात्र खरं होतं. इतकी वर्षं त्याने स्वतःच्या हाताला जे शिकवलं, ते त्या हाताने मन लावून शिकलं होतं, आणि आता त्याच्या मालकालाही त्याची खात्री देता येत नव्हती. बाबली जिवंत आहे की नाही, हे आता देवही त्याला सांगू शकत नव्हता, कारण देवाने बोलायचं ते त्याच हातांतून.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं, की शेवंतीला सांगून टाकायचं. मला सोबत घेऊन गेला. ती अंगणात बांगडे वाळत घालत होती. दुपार टळलेली, खाऱ्या माशांच्या वासाने हवा जड झालेली. त्याने सरळ सांगितलं, की पहिल्या वर्षीचा कौल मी पाडला, नंतरचेही मीच पाडले. तिला ते नीट कळलं नसावं, किंवा कळून घ्यायचं नसावं. ती माशांवरच्या माशा वारत राहिली. मग त्याने खिशातून कॅट काढला. पंखा उलगडून तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, हवा तो घे. तिने पदराला हात पुसून एक पत्ता ओढला, चौकटची सत्ती. पुन्हा घे. पुन्हा चौकटची सत्ती. त्याने पत्ते पिसले, तिने या टोकाकडून घेतला, त्या टोकाकडून घेतला, डोळे मिटून घेतला, आणि दर वेळी चौकटची सत्ती. "बघ," विनू म्हणाला. "तू घेतलंस असा तुका वाटता. मी देतंय तो तू घेतंस. पाकळी तशीच पाडलंय गो मी."

शेवंती हातातल्या सत्तीकडे बघत राहिली. मग तिने ती त्याला परत दिली, शांतपणे, कुणी लहान मुलाचं खेळणं परत करावं तसं. "तू पाडलंस तर पाडलंस," ती म्हणाली. "पण तुका पाडूक कोणी सांगल्यान?"

विनूने सत्ती कॅटमध्ये सरकवली. ती पुन्हा बांगडे उलटवायला लागली होती. आम्ही निघून आलो.

त्या दिवसानंतर त्याने पत्ते हातात धरले नाहीत. रिसॉर्टवाल्यांचे निरोप आले, त्याने हात दुखतो म्हणून सांगितलं. पडवीच्या कोपऱ्यात तो बसे, पण हात काखेत दाबून, थंडी वाजत असल्यासारखा. पाळीचे दिवस येण्याआधीच त्याने चुलत भावाला, मोहनला, सांगून टाकलं, की यापुढे आमच्या वाटणीची पूजाही तूच कर. मी दुपारी अंथरुणावर पडून त्या शांततेकडे कान लावी. घरात असूनही आवाज नसलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या श्रावणात शेवंती घरी आली आणि खळ्यात उभी राहून विचारू लागली, "विनू खंय आसा?" तो मागच्या दाराने निघून गेला होता. ती थोडा वेळ थांबली आणि परत गेली. देवळात गेली नाही.

भातकापणीच्या दिवसांत आमच्याकडे एक ताप येतो. शेतातल्या साचल्या पाण्यातून येतो असं डॉक्टर म्हणतात. विनू घरामागच्या शेतातलं चार वाफ्यांचं भात कापायला उतरला होता, पायाला लहानशी जखम होती. पहिल्यांदा साधा ताप वाटला. मग डोळे पिवळे झाले, मग आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तोवर उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत त्याचे हात सुजले होते. सुया टोचून टोचून मनगटं काळीनिळी झालेली, बोटं इतकी फुगलेली, की त्यांची मूठ वळत नव्हती. मी ते हात मांडीवर घेऊन बसले. ते हात मला ओळखीचे वाटले नाहीत. दुपारच्या उन्हात, खिडकीखाली रिक्षांचे आवाज चालू असताना, तो गेला.

त्याच्या तेराव्याला शेवंती आली. बायकांत न बसता सरळ माझ्यापाशी आली. तिचे केस कानांपाशी पांढरे झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मला वाटलं, ती माझं सांत्वन करील. तिने माझे दोन्ही हात धरले आणि एवढंच म्हणाली, "आता माका कोण सांगतलो गो?"

त्या प्रश्नाने माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं. माझ्या भावाचं दुःख मी तिच्यासमोर विसरले. तिने त्याचं कबूल करणं ऐकलं होतं, पत्ते पाहिले होते, आणि तरी तिला हवा होता तो त्याचाच हात. तो हात गेला, तसा तिचा नवरा जिवंत ठेवणारं या जगात कुणी उरलं नाही. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्या मेलेल्याला उठवून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मी काहीच केलं नाही. तिला पान वाढलं आणि ती जेवून गेली.

आता कौल मोहन लावतो. सरळ माणूस, जाड बोटांचा. त्याच्या हातून पाकळी पडते ती पाण्यानेच. शेवंती श्रावणात येते, देवाला हळदकुंकू वाहते, नारळ ठेवते. मोहन विचारतो, काय विचारायचं आहे का. ती मान हलवते आणि पायऱ्या उतरते. विचारलं आणि डावी पडली तर, या भीतीने तिने देवाशी बोलणंच सोडलं आहे. सासूसासरे गेले. पुतळ्याचा विषय काढणारं आता कुणी नाही.

आश्विनात विनूची तिथी येते. मी त्याच्या आवडीची शिरवाळी, नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, करते, पान वाढते, त्याच्या खोडसाळपणावर एकटीच चिडते, रडते, आणि संध्याकाळी भांडी घासून दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागते. दरवर्षी तो माझ्यापासून थोडा दूर गेलेला असतो, आणि दरवर्षी मला तो थोडा अधिक क्षमा करण्यासारखा वाटतो. काळाकडून माणसाला एवढंच मिळतं, पण तेसुद्धा ज्याचा शेवट झाला त्याच्याच बाबतीत. मी विनूची आठवण काढते. शेवंतीला बाबलीची आठवण अजून काढता आलेली नाही. ती त्याची वाट बघते.